आकाशाचें दार : शेंडेनक्षत्राची छबी

आपल्याकडील जुन्या बायकांच्या तोंडीं धूमकेतूस ‘शेंडेनक्षत्र’ असें नांव होतें. संस्कृतांत केतु म्हणजे ध्वज, आणि धूमकेतु म्हणजे धुराचा ध्वज मिरविणारा. वेदांत हें विशेषण अग्नीस लावलेलें आढळतें. ग्रीकांनीं त्याच पदार्थास केसाळ तारा म्हटलें व युरोपांतील बहुतेक भाषांत तेंच नांव रूढ झालें. कोणास ध्वज दिसला, कोणास केस दिसले, आमच्या आजीबाईंस शेंडी दिसली. परंतु या तिन्ही नांवांत एक उणीव सारखीच आहे. धूमकेतु धांवतो, ही गोष्ट एकाही नांवांत आलेली नाहीं. ती यावी तरी कशी? ध्वज हाले, पण पुढें सरके ना. काल तो या ताऱ्याशेजारीं होता, आज त्या ताऱ्याशेजारीं आहे, एवढेंच पाहणारास कळे. तारे आणि धूमकेतु यांची ही फारकत डोळ्यांत भरते ती मनुष्य त्याची छबी उतरवूं लागला म्हणजे.

२०२५ सालच्या दिवाळींत जो धूमकेतु आला होता, त्याचे फोटो वाचकांपैकीं पुष्कळांनीं वर्तमानपत्रांतून पाहिले असतील. ॲरिझोना प्रांतांतील माउंट लेमन नांवाच्या डोंगरावरील दुर्बिणीनें तो ३ जानेवारी २०२५ रोजीं शोधिला, म्हणून त्याचें नांव ‘लेमन’. लिंबाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तो पृथ्वीच्या अत्यंत जवळ आला तो २१ ऑक्टोबर रोजीं, म्हणजे नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं. अमावास्येची काळोखी रात्र, पण फटाक्यांच्या धुरानें भरलेली! धूमकेतु पाहावा आणि धूमच दृष्टीस पडावा, असा प्रसंग त्या दिवशीं पुष्कळांवर आला. असो. त्या वेळीं छापून आलेल्या छब्यांत दोन जाती होत्या. कांहींत तारे टिंबांसारखे स्वच्छ, तर कांहींत प्रत्येक ताऱ्याची एक लहानशी रेघ झालेली. जणूं कोणीं ओल्या शाईवरून बोट फिरविलें. आकाश एक, धूमकेतु एक, मग छब्या दोन प्रकारच्या कां? आणि त्यांतली खरी कोणती? या महिन्याचा विषय तोच.

आधीं एक जुनी गोष्ट नव्यानें सांगतों. आकाश तासाला पंधरा अंश फिरतें. वस्तुतः पृथ्वी फिरते, पण छबी घेणारास दोन्ही सारखेंच. पंधरा अंश म्हणजे तीस पूर्णचंद्र ओळीनें मांडले तर जेवढें अंतर होईल तेवढें. म्हणून कॅमेरा नुसता खांबावर बसवून मिनिटभर उघडा ठेविला तर सगळ्याच ताऱ्यांच्या रेघा होतात. यावर उपाय असा कीं, दुर्बिणीचा एक आंस ध्रुवाकडे रोखावयाचा आणि यंत्रानें ती त्या आंसाभोंवतीं आकाशाच्याच गतीनें फिरवावयाची. आमच्या पुण्यास ध्रुव क्षितिजापासून सुमारें साडेअठरा अंश उंच आहे. तेव्हां येथें तो आंस बराच आडवा धरावा लागतो. उत्तरेकडे समोर एखादी चार मजली इमारत असली कीं ध्रुव गेलाच. आमच्या येरवड्यांत तशा इमारती आतां बहुत झाल्या आहेत.

एवढें केल्यानें तारे स्थिर झाले. पण धूमकेतु ताऱ्यांबरोबर बांधलेला नाहीं. त्याची स्वतःची निराळी चाल आहे. ती कोणाची दिवसाकाठीं अर्धा अंश, कोणाची चार अंश, आणि क्वचित् एखाद्याची तीस अंशांहूनही अधिक. तेव्हां दुर्बिणीनें ताऱ्यांच्या मागें जावें, कीं धूमकेतूच्या? एकाची मर्जी राखावी तर दुसरा फिसकटतो. आगगाडींत मांडीवर बसलेल्या बाळाचा फोटो डब्यांतून घ्यावा तर बाळ स्पष्ट येतें आणि खिडकीबाहेरचीं झाडें फरफटतात. फलाटावरून गाडीचा घ्यावा तर झाडें स्पष्ट आणि बाळ फरफटलेलें. दोन्ही फोटो खरेच. पण आपण कोठें उभे होतों हें सांगितल्यावांचून दोहोंचाही अर्थ लागत नाहीं.

ही अडचण फोटोच्या विद्येच्या बाळपणींच पुढें आली. १८५८ सालीं डोनाटीचा धूमकेतु आला तेव्हां इंग्लंडांत अशरवुड नांवाच्या एका फोटोग्राफरानें, माणसांचे फोटो काढण्याच्या भिंगानेंच, सात सेकंद कांच उघडी ठेवून त्याची छबी घेतली. धूमकेतूचा हा पहिला फोटो. सात सेकंदांत फारसें कांहीं हालत नाहीं, म्हणून त्यास दुर्बिणीच्या मागें लागावें लागलें नाहीं. पण सात सेकंदांत फारसें कांहीं दिसतही नाहीं.

खरी गंमत १८८२ सालच्या महाधूमकेतूच्या वेळीं झाली. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास केप येथील वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांनीं ॲलिस नांवाच्या एका स्थानिक फोटोग्राफराचा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीस बांधिला, आणि स्वतः दुर्बिणींतून पाहत धूमकेतूस दृष्टीआड न होऊं देतां अर्ध्या तासापासून दोन तासांहून अधिक वेळपर्यंत कांचा उघड्या ठेविल्या. धूमकेतु सुरेख उतरला. पण गिल यांचें लक्ष वेधलें तें मागच्या ताऱ्यांनीं. एवढे तारे कांचेवर आपोआप उमटतात, तर सगळ्या दक्षिण आकाशाची नोंद हातानें करण्यापेक्षां फोटोनेंच कां करूं नये? त्या विचारांतून लाखों ताऱ्यांची एक प्रचंड यादी तयार झाली. केपच्या कांचा हॉलंडांत ग्रोनिंगेन येथें प्राध्यापक काप्टाइन यांनीं वर्षानुवर्षें मोजल्या, आणि त्या कंटाळवाण्या कामांत त्यांना तेथील तुरुंगांतील कैद्यांची मदत झाली. तुरुंगाच्या नांवानेंच आमचें गांव देशभर ओळखलें जातें. त्यामुळें ही हकीकत वाचून येरवडेकर या नात्यानें आम्हांस अंमळ मौज वाटली.

अमेरिकेंतील बर्नार्ड यांची कथा मात्र प्रत्येक घरांतील मुलांस सांगण्याजोगी आहे. यांचा जन्म १८५७ चा. वडील जन्मापूर्वींच वारलेले. घरीं अत्यंत दारिद्र्य. नवव्या वर्षाच्या आंतच मुलाला नॅशव्हिल शहरांतील एका फोटोग्राफराच्या दुकानांत कामास ठेविलें. काम काय, तर छपरावर फोटो मोठे करण्याचें एक अजस्र यंत्र होतें, तें सूर्यप्रकाशावर चाले. सूर्य जसजसा सरके तसतसें तें यंत्र हातानें फिरवून सूर्याच्या तोंडाशीं धरून ठेवावयाचें. आधींच्या मुलांना म्हणे झोंप लागे. या मुलाला लागली नाहीं. दिवसचे दिवस सूर्याच्या मागें यंत्र फिरवितां फिरवितां, हलणाऱ्या वस्तूस पकडून ठेवण्याची विद्या त्याच्या हातीं बसली. पुढें तो रात्रीं दुर्बिणीनें धूमकेतु शोधूं लागला. त्या काळीं एका धनिकानें प्रत्येक नव्या धूमकेतूमागें दोनशें डॉलर बक्षीस लाविलें होतें, त्या बक्षिसांच्या आधारावर त्यानें घर बांधिलें. नंतर कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेंत नेमणूक झाल्यावर त्यानें माणसांचे फोटो काढण्याचें एक जुनें सहा इंची भिंग दुर्बिणीवर चढविलें, आणि लहान मार्गदर्शक दुर्बिणींतील कोळ्याच्या तंतूवर धूमकेतूचें मस्तक तासन्‌तास धरून ठेवून छब्या घेतल्या. १८९३ सालच्या ब्रूक्सच्या धूमकेतूची शेपटी मध्येंच मोडल्यासारखी, फाटल्यासारखी झाली होती, हें जगास दिसलें तें बर्नार्डच्या फोटोंत. त्या सगळ्या फोटोंत ताऱ्यांच्या रेघा आहेत. त्या काढून टाकण्याचें त्याच्या मनांतही आलें नाहीं.

१२ ऑक्टोबर १८९२ रोजीं त्याच्या एका कांचेवर एक धूसर रेघ आढळली आणि ती नवाच धूमकेतु ठरली. फोटोवरून शोध लागून ज्याचा माग पुढें काढतां आला असा हा पहिला. थोडक्या दिवसांचे वेध मिळाले आणि तो हरवला. पुन्हां सांपडला तो २००८ सालीं, म्हणजे एकशेंसोळा वर्षांनीं.

याच १८५७ सालीं जन्मलेले दुसरे एक गृहस्थ आमच्या पुण्याचे. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला हे येथील सायन्स कॉलेजांत शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं पांच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनें तितकीच भर घातली, आणि १८८८ च्या सुमारास कॉलेजच्या आवारांत ‘महाराज तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली. तेथील वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत मोठ्या दुर्बिणींत गणली जाई. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ ठोकून फोटो घेतले. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, वेधशाळा मोडली आणि ती दुर्बीण कोडईकनालास गेली. मुळा-मुठेच्या संगमाजवळची ती जागा आमच्या घरापासून सुमारें दोन कोस. एका मनुष्याच्या निवृत्तीबरोबर एक विद्या गांवांतून उठून जावी, ही गोष्ट आम्हांस अद्याप रुचत नाहीं. त्यानंतर बत्तीस वर्षांनीं, १९४४ सालीं, पुण्यांतील हौशी मंडळींनीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापिली, आणि आकाशाकडे पाहणें हा पगारी प्रोफेसरांचाच अधिकार नव्हे हें येथें रुजलें. ती संस्था आजही चालू आहे.

आतां आमच्या गच्चीची हकीकत. आमचा नातू इंजिनियरिंगचा विद्यार्थी आहे. त्याच्यापाशीं सहा इंची आरशाची दुर्बीण, ती फिरविणारें विजेचें यंत्र व एक कॅमेरा आहे. दिवाळी उरकल्यावर, कार्तिक शुद्ध पंचमीस, त्यानें हा धूमकेतु धरावयाचें ठरविलें. पाहुणे अद्याप घरांत होते. त्यामुळें गच्चीवर दुर्बिणीपेक्षां खुर्च्याच अधिक झाल्या. आमच्या थोरल्या वहिनी ऐंशीच्या पुढें आहेत, तरी त्या जिना चढून आल्या. परंतु आमच्या एका पाहुण्या बाईंनीं लेंकरांस वर पाठविण्यास हरकत घेतली. धूमकेतु दिसणें अशुभ, सणासुदीच्या दिवसांत तर नकोच, असें त्यांचें म्हणणें. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें.

पाहुण्यांशीं वाद घालूं नये, हा आमच्या घरचा शिरस्ता. पण शास्त्राच्या नांवानें जें बोललें जातें तें शास्त्रांत आहे तसें तरी सांगावें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत केतुचार नांवाचा अध्याय आहे. त्यांत केतूंचीं फळें सांगितलीं आहेत, हें खरें. पण आचार्य आरंभींच कबूल करितो कीं केतूचें दर्शन केव्हां होईल व तो केव्हां मावळेल हें गणितानें कळत नाहीं. त्यांची संख्या कोणी एकशें एक मानतात, कोणी हजार मानतात, नारद तर एकच केतु अनेक रूपें घेतो असें म्हणतात, ही मतभिन्नताही तो प्रांजलपणें नोंदवितो. जें गणितांत येत नाहीं त्याचें भय वाटतें, हा मनुष्यस्वभावच आहे. पुढें हॅले यानें १६८२ चा धूमकेतु १७५८ च्या सुमारास परत येईल असें गणित मांडिलें, आणि हॅले वारल्यानंतर तो खरोखरच आला. तेव्हांपासून आचार्यानें नोंदविलेली ती अडचण, निदान अशा परतून येणाऱ्या धूमकेतूंपुरती तरी, उरली नाहीं. हें सर्व आम्हीं बाईंस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, पण लेंकरें वर आलीं नाहींत. वहिनी म्हणाल्या, “असूं द्या, भावोजी. ज्याच्या त्याच्या लेंकरांची काळजी ज्याला त्याला.” आम्हांस तें पटलें नाहीं, तरी आम्ही गप्प बसलों.

धूमकेतु पश्चिमेस, क्षितिजाच्या बराच जवळ होता. नैर्ऋत्येस चंद्रकोर होती, खालीं शहराचे दिवे होते. नुसत्या डोळ्यांस कांहींच दिसेना. दुर्बिणींतून मात्र फिक्या कापसासारखा एक ठिपका आणि त्यावरून वर निघालेली अस्पष्ट शेंडी दिसली. वहिनींनीं डोळा लावून पाहिलें आणि “शेंडेनक्षत्रच हें,” एवढेंच म्हणून खुर्चींत बसल्या.

येथें थोडा हिशेब सांगणें अवश्य आहे, कारण छबीचें सारें मर्म त्यांत आहे. हा धूमकेतु त्या दिवसांत ताऱ्यांमधून रोज सुमारें चार अंश सरकत होता. चार अंशांच्या विकला होतात चौदा हजार चारशें. दिवसाचीं मिनिटें चौदाशें चाळीस. म्हणजे मिनिटाला दहा विकला. कॅमेऱ्याच्या आंत आतां कांच नसते. लक्षावधि सूक्ष्म चौकटींचा एक पत्रा असतो आणि त्यांतील प्रत्येक चौकटीवर, नातवाच्या दुर्बिणींत, आकाशाची सुमारें एक विकला मावते. तेव्हां मिनिटभर कॅमेरा उघडा ठेविला तर धूमकेतूचें मस्तक नऊदहा चौकटींवर फांसलें जाईल. तें एकदीड चौकटीपलीकडे जाऊं द्यावयाचें नसेल तर दहा सेकंदांहून अधिक थांबतां कामा नये. पण दहा सेकंदांत शेंडीचा प्रकाश पुरेसा गोळा होत नाहीं. म्हणून नातवानें दहा दहा सेकंदांचे एकशें वीस फोटो एकामागून एक घेतले; एकूण वीस मिनिटें. बर्नार्डनें तंतूवर डोळा रोखून जें केलें तें आतां मागाहून संगणकावर करितां येतें. एकशें वीसही फोटो एकावर एक रचावयाचे. मात्र रचतांना ताऱ्यावर तारा ठेवावयाचा कीं धूमकेतूवर धूमकेतु, हें आपल्या हातीं.

ताऱ्यावर तारा ठेवून केलेल्या चित्रांत तारे टिंबांसारखे आले आणि धूमकेतु अळईसारखा लांबट झाला. शेंडी पार पुसून गेली. धूमकेतूवर धूमकेतु ठेवला तेव्हां मस्तक नेमकें उमटलें, शेंडींतील बारीक धागे निराळे झाले, आणि प्रत्येक ताऱ्याची एक आंखूड रेघ उमटली. नातवानें आणखी एक तिसरें चित्र केलें. पहिल्यांतून धूमकेतु काढून टाकिला, दुसऱ्यांतून तारे काढून टाकिले, आणि उरलेलीं दोन्हीं जोडलीं. त्यांत ताऱ्यांचीं टिंबें सुबक, धूमकेतुही सुबक. हल्लीं जीं अतिसुंदर चित्रें पाहण्यांत येतात त्यांतलीं पुष्कळ अशींच केलेलीं असतात. घरांतील तरुण मंडळीनें तिसऱ्यालाच पसंती दिली.

वहिनींनीं तिन्ही कागद मांडीवर घेऊन पाहिले व विचारलें, “यांतलें खरें कोणतें?”

नातू म्हणाला, “मोठी आजी, तिन्हींत एकही तारा मी आपल्या पदरचा घातलेला नाहीं. जो उजेड दुर्बिणींत आला तोच यांत आहे.” त्याचें म्हणणें खोटें नव्हे. पण आम्हांस तेवढ्यानें समाधान वाटलें नाहीं, आणि कां वाटलें नाहीं तें सांगतों. पहिल्या चित्रांत तारे थांबविले आहेत, दुसऱ्यांत धूमकेतु थांबविला आहे; दोहोंतही कोणींतरी चाललें आहे हें उघड दिसतें. तिसऱ्यांत दोघेही थांबले आहेत. वीस मिनिटें तसें आकाश कोणत्याही क्षणीं नव्हतें. फलाटही स्पष्ट आणि मांडीवरचें बाळही स्पष्ट असा तो फोटो आहे, आणि पाहणारा त्यावरून एवढेंच समजेल कीं गाडी उभी होती. सौंदर्यासाठीं तें चित्र करावें, भिंतीवर लावावें, आमची हरकत नाहीं. परंतु तें जोडचित्र आहे हें खालीं लिहावें. वर्तमानपत्रें हें बहुधा लिहीत नाहींत.

आमची पसंती दुसऱ्यास, रेघांच्या चित्रास. त्यांतील रेघा हा दोष नसून तो एक लेख आहे, आणि शाळेंतील पट्टी घेऊन कोणासही तो वाचतां येतो. आमच्याकडे जो मोठा कागद छापून आला तो पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद आहे व त्यांत आकाशाची एकशें आठ कलांची रुंदी आलेली आहे. म्हणजे एका कलेस चार मिलिमीटरांहून किंचित् अधिक. ताऱ्याची रेघ आम्हीं मोजली ती तेरा मिलिमीटर भरली. तेव्हां वीस मिनिटांत धूमकेतु तीन कलांहून थोडा अधिक सरकला. दिवसाचे झाले पावणेचार अंश. धूमकेतु त्या सुमारास नऊ कोटि किलोमीटरांच्या किंचित् पलीकडे होता. तेवढ्या अंतरावर तीन कला म्हणजे ऐंशी हजार किलोमीटरांवर, आणि सेकंदाचा हिशेब केला तर सुमारें सत्तर किलोमीटर. एक सेकंद म्हणेपर्यंत येरवड्याहून लोणावळा गांठावा इतकी ही धांव! त्यांत आपल्या पृथ्वीचीही धांव मिसळलेली आहे. हा धूमकेतु ग्रहांच्या उलट दिशेनें फिरणारा, म्हणून समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांप्रमाणें वेगांची बेरीज झाली. पावसाळ्यांत घरीं बसलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना हें गणित अवश्य घालावें. तिसऱ्या चित्रावरून तें मुळींच करितां येत नाहीं.

रेघांवरून आणखी एक गैरसमज फिटतो. शेपटी म्हणजे धांवणाराच्या मागें उडणारा पदर, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. शेपटी सूर्याच्या विरुद्ध बाजूस असते, मग धूमकेतु कोणीकडेही जावो. सूर्यापासून परत फिरतांना तर तो शेपटी पुढें करून चालतो. चालीची दिशा ताऱ्यांच्या रेघा सांगतात, सूर्याची दिशा शेंडी सांगते, आणि एकाच चित्रांत त्या दोहोंमधला कोन डोळ्यांनीं पाहतां येतो.

लेमनची चाल मध्यमच म्हणावयाची. २५ मार्च १९९६ रोजीं ह्याकुताके धूमकेतु दीड कोटि किलोमीटरांवरून गेला, तेव्हां पूर्णचंद्राएवढें अंतर तो अर्ध्या-पाऊण तासांत काटीत होता. त्याहून विलक्षण ११ मे १९८३ चा. हा पृथ्वीपासून पन्नास लाख किलोमीटरांच्याही आंतून गेला. पूर्णचंद्राएवढें अंतर पंधरा-वीस मिनिटांत. दुर्बिणींत बसलेल्यास तो ताऱ्यांवरून सरकतांना दिसे. त्याचें नांव आयरस-अराकी-आल्कॉक. पहिलें नांव उपग्रहाचें, दुसरें एका जपानी हौशी वेधकाचें, आणि तिसरें जॉर्ज आल्कॉक या इंग्रज गृहस्थांचें. हे पेशानें शाळामास्तर. त्यांनीं हा धूमकेतु आपल्या घरांत बसून, बंद खिडकीच्या कांचेंतून, हातदुर्बिणीनें शोधिला. आमच्या व्यवसायबंधूचें हें कौतुक दोन ओळींत आवरतें घेतों. मुद्दा असा कीं, असा धांवरा धूमकेतु पुन्हां आला तर नातवाचे दहा सेकंद उपयोगीं पडणार नाहींत. त्याची विकला सेकंदाला दीड-दोन. म्हणजे सेकंदाच्या आंत झांकण बंद झालें पाहिजे, आणि तसे शेंकडों फोटो पाहिजेत. हिशेब वरचाच, फक्त आंकडे बदलावयाचे. त्या त्या रात्रींची चाल आधीं प्रसिद्ध झालेली असते, ती पाहून एक्स्पोजर ठरवावें. चित्र चांगलें आलें नाहीं तर यंत्रास दूषण देण्यापूर्वीं हा भागाकार करून पाहावा.

ज्यांच्यापाशीं दुर्बीण नाहीं त्यांनींही हात बांधून बसूं नये. हल्लींच्या फोनमधील कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून पांच-दहा सेकंदांचा फोटो घेतां येतो, आणि ठळक धूमकेतु असला तर तो उमटतो. शहराच्या उजेडांतून बाहेर पडणें मात्र भाग आहे.

राहतां राहिली नोंद. वेळ न लिहिलेला आकाशाचा फोटो म्हणजे तारीख नसलेलें खतपत्र. सभासदानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. तींत शिवछत्रपतींच्या निर्वाणाच्या दिवशीं धूमकेतु उगवला असें आहे. महाराजांचें निर्वाण ३ एप्रिल १६८० चें. त्या वर्षींचा जो मोठा धूमकेतु साऱ्या जगानें पाहिला तो जर्मनींत किर्च यानें प्रथम दुर्बिणींतून पाहिला १४ नोव्हेंबरास, आणि लोकांच्या डोळ्यांत भरला त्यानंतर. बखर लिहिली गेली तेव्हां मध्यें दहाबारा वर्षांहून अधिक लोटलीं होतीं. एवढ्या दुःखाचें वर्ष आणि एवढा मोठा धूमकेतु, हीं दोन्हीं आठवणींत एके ठिकाणीं आलीं असावींत असें आम्हांस वाटतें. त्यांत बखरकाराचा कांहीं अपराध नाहीं. त्याच्यापाशीं त्या रात्रीची टांचणी नव्हती.

म्हणून वहिनींच्या सांगण्यावरून रेघांच्या चित्राच्या पाठीमागें नातवाकडून शाईनें लिहवून घेतलें तें असें : येरवडा, पुणें. शके १९४७, कार्तिक शुद्ध पंचमी, रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. सायंकाळीं ७ वाजून २ मिनिटांपासून ७ वाजून २२ मिनिटांपर्यंत. सहा इंची दुर्बीण. दहा सेकंदांचे १२० फोटो एकत्र. धूमकेतु स्थिर धरला आहे, तारे सरकले आहेत.